इंजिनाचा नवा कारभारी

मोटारीच्या इंजिनाचा कारभार पूर्वी तसा साधा असे. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला, आणि पुढे पाऊणशे वर्षे हवेत पेट्रोल मिसळण्याचे काम त्या धातूच्या लहानशा भांड्याने निमूटपणे केले. त्याला इंजिनाची तक्रार कळत नसे. आत शिरणारी हवा जेवढे पेट्रोल ओढून घेईल तेवढे ते देई. ठिणगी केव्हा पडावी हे ठरविण्यास डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजने आणि दोन स्प्रिंगा असत. कुठे बिनसलेच, तर रस्त्याकडेच्या मेस्त्रीने जेट काढून त्यात फुंकर मारावी, एक स्क्रू अर्धा फेरा फिरवावा, कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकावा आणि गाडी मार्गस्थ करावी. या विद्येला पुस्तक नव्हते. कान आणि बोटे हीच तिची साधने.

हा जुना कारभार मोडला तो वेगाच्या हौसेने नव्हे, धुराच्या धाकाने. १९६७ साली बॉश कंपनीची विजेवर चालणारी इंधनफवारणी फोक्सवॅगनच्या मोटारीत आली होती. पण ती सार्वत्रिक झाली अमेरिकेतील १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर. धुराच्या नळीत बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपले काम नीट करतो ते एकाच अटीवर : एक भाग पेट्रोलाला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत राखले गेले पाहिजे. इतकी शिस्त कार्ब्युरेटरच्या प्रकृतीला मानवणारी नव्हती. १९७९ साली बॉशने बी.एम.डब्ल्यू.च्या एका मोटारीत पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही खाती एकाच पेटीच्या स्वाधीन केली, आणि इंजिनाला खऱ्या अर्थाने कारभारी मिळाला. त्यालाच आज जगभर ई.सी.यू. म्हणतात. भारतात २००० सालच्या एप्रिलपासून देशभर धुराचे निकष लागू झाले, आणि येथेही कार्ब्युरेटर मोटारीतून झपाट्याने हद्दपार झाला.

या पेटीच्या कामाची घाई किती असते, याचा हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे करीत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. चार सिलिंडरांच्या इंजिनात एवढ्या अवधीत २०० वेळा ठिणगी पडते. एका सिलिंडरचे पूर्ण आवर्तन अवघ्या २० सहस्रांश सेकंदांत आटोपते, आणि फेऱ्याचा एक अंश म्हणजे सेकंदाचा छत्तीसहजारावा भाग. या वेळात पेटीने आत येणारी हवा मोजावयाची, पेट्रोलाचे तोंड किती काळ उघडावयाचे ते ठरवावयाचे, आणि दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वी नेमक्या किती अंशांवर ठिणगी टाकावयाची याचाही निर्णय द्यावयाचा. अर्थात ती दर वेळी नव्याने विचार करीत बसत नाही. तिच्या स्मृतीत कोष्टके असतात. आडव्या रांगेत इंजिनाची गती, उभ्या रांगेत त्यावरचा भार. दोन्ही बोटे जेथे मिळतील त्या घरातील आकडा उचलावयाचा, आणि दोन घरांच्या मध्ये असेल तर प्रमाणात वाटणी करावयाची. शाळेतील लॉगॅरिथमच्या तक्त्यासारखाच हा प्रकार.

मात्र ही कोष्टके एका विशिष्ट इंजिनासाठी भरलेली असतात. कारखान्याच्या अभियंत्यांनी महिनोन्‌महिने खपून, थंडीत, उन्हात आणि डोंगरावर मोटारी फिरवून ती घरे भरलेली असतात. इंजिन जसेच्या तसे आहे तोवर त्या कारभाऱ्यासारखा विश्वासू सेवक नाही. पण मालकाने इंजिनात फेरफार केले, म्हणजे हवा कोंबणारा टर्बो बसविला वा झडपा उघडणारी कॅमची दांडी बदलली, की तोच सेवक जुन्या राज्याच्या दप्तरावरून नव्या राज्याचा वसूल करू लागतो.

याचे उदाहरण म्हणून जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार घेता येईल. १९८९ साली ती प्रथम लोकांपुढे आली. तिचे मूळ इंजिन १.६ लिटरचे, शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती, आणि अंग इतके हलके की वळणावर ती फुलपाखरासारखी वळावी. अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात तिचे भक्त अजून हजारोंनी आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना कधी ना कधी एकच इच्छा होते : वळते छान, पण पळायला थोडी अधिक हवी. मग टर्बो येतो.

या मोटारीच्या पहिल्या १.६ लिटरच्या पिढीत आत येणारी हवा मोजण्यासाठी एक झापड आहे. हवेच्या झोताने दाराची फळी ढकलली जावी तशी ती झापड ढकलली जाते, आणि ती किती उघडली यावरून पेटीला हवेचे मान कळते. टर्बोने वातावरणाच्या निम्म्याइतका जादा दाब दिला की इंजिनात सुमारे दीडपट हवा शिरू लागते. वरच्या गतीला झापड पूर्ण उघडून कडेला टेकते, आणि त्यापुढे आणखी हवा आली तरी तिला ते सांगता येत नाही. पेटीचा समज असा, की हवा तेवढीच आहे. म्हणून पेट्रोलही ती तेवढ्यापुरतेच देते. ठिणगीचेही तेच. टर्बो आला आहे ही बातमीच पेटीपर्यंत पोहोचलेली नसते, त्यामुळे दाबलेल्या हवेला ज्या वेळी ठिणगी उशिरा द्यावयास हवी त्या वेळी ती जुन्या कोष्टकाप्रमाणे लवकरच पडते.

परिणाम काय होतो तो ऐकणाऱ्याला प्रथम खडे वाजल्यासारखा ऐकू येतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जात असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआपच एकदम भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्या धक्क्याच्या लाटा दट्ट्याच्या माथ्यावर हातोडीसारख्या आदळतात. मोठ्या दाबाखाली हा प्रकार काही सेकंद चालू राहिला तरी दट्ट्याच्या कडेच्या खाचा, ज्यांत रिंगा बसतात, तुटून पडू शकतात. मग सिलिंडर ओरखडला जातो आणि निळा धूर सुरू होतो. हौसेचे सारे गणित या काही सेकंदांभोवती फिरते. नवा कारभारी निवडताना ज्याला हे सेकंद दिसत नाहीत, तो रंगीत पडदे, बिनतारी जोडण्या आणि जाहिरातीतील आकडे पाहत बसतो.

यावर पूर्वी एक जुगाड होते. टर्बोचा दाब वाढला की त्याच प्रमाणात पेट्रोलाचाही दाब वाढविणारी एक पडद्याची झडप बसवीत, आणि ठिणगी मागे ओढण्यासाठी एक निराळी पेटी. काही काळ पुष्कळ गाड्या अशा चालल्या, काही अजूनही चालतात. तिचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे पाठुंगळी बसणारी पेटी. मूळ ई.सी.यू. आणि त्याचे संवेदक यांच्या मधोमध ती बसते आणि येणारे आकडे बदलून पुढे पाठविते. साहेबांपुढे कागद ठेवताना मधल्या कारकुनाने आकड्यांत खाडाखोड करावी, आणि साहेबांनी त्या खोट्या आकड्यांवर बरोबर निर्णय द्यावा, अशी ही व्यवस्था. कारकून हुशार असेल तर काम भागते. पण अशा कचेरीत एखादी चूक शोधावयाची वेळ आली म्हणजे ती कोणाच्या टेबलावर झाली हे कळणे दुरापास्त होते.

नव्या काळच्या मोटारींना दुसराही मार्ग मोकळा असतो. त्यांच्या मूळ पेटीतील कोष्टके संगणक जोडून पुन्हा लिहिता येतात. हे ज्या मोटारीत शक्य आहे आणि ज्या मोटारीचे फेरफार माफक आहेत, त्या मोटारीच्या मालकाने वेगळी पेटी विकत घेण्याचे कारणच नाही. कारखान्याने थंड इंजिन सुरू करण्याची, वातानुकूलन चालू होताच गती सावरण्याची, बिघाडाची नोंद ठेवण्याची जी शेकडो छोटी कामे करून ठेवली आहेत, ती त्याला फुकट मिळतात. हा सल्ला विकणाऱ्यांकडून सहसा मिळत नाही, म्हणून तो येथे ठासून सांगितलेला बरा. जुन्या एमएक्स-५ च्या मूळ पेटीत मात्र हा मार्ग सहजासहजी उपलब्ध नाही, आणि म्हणून तिच्या मालकाला अखेर स्वतंत्र ई.सी.यू.च्या बाजारात यावेच लागते.

बाजार मोठा आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीची हॅलटेक ही कंपनी १९८६ पासून आणि मेलबर्नची मोटेक १९८७ पासून या धंद्यात आहे. न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चची लिंक आहे. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो या दोघांनी रचलेले मेगास्क्वर्ट आहे. त्याचे सुटे भाग मागवून मालकाने स्वतः डाख देऊन पेटी जोडावी, अशी मूळ कल्पना. तिच्याही पुढे जाऊन स्पीडुइनो नावाची रचना शाळकरी मुले ज्या अर्डुइनोवर दिवे लुकलुकवितात त्याच पाटीवर उभी आहे, आणि तिचा सारा आराखडा कोणालाही खुला आहे. किमतीत या दोन टोकांचे अंतर फार आहे. पण महाग पेटी इंजिन वाचविते आणि स्वस्त पेटी मोडते, असा हिशेब कोणी मांडू नये. दोन्हींतील कोष्टके शेवटी माणसानेच भरावयाची असतात.

खरी परीक्षा होते ती जुनी पेटी काढताना. वर सांगितलेली ती झापड नव्या व्यवस्थेत नको असते. तिच्याऐवजी इनटेक नळीतील दाब आणि हवेचे तापमान मोजून हिशेब केला जातो. म्हणून मालक मोठ्या उत्साहाने झापडीचा डबा उचकटून टाकतो, किल्ली फिरवितो, आणि इंजिन क्षणभर फुरफुरून बंद पडते. याचे कारण मूळ अभियंत्यांची एक खबरदारी. अपघात होऊन इंजिन थांबले तर पेट्रोलचा पंपही थांबावा, म्हणून पंपाचा चालू-बंद करणारा खटका त्यांनी त्या झापडीतच ठेवला होता. हवा वाहिली की झापड हलणार, झापड हलली की पंप चालणार. झापड गेली की पंपही गेला. हवेचे तापमान सांगणारा संवेदकही त्याच डब्यात होता, तोही गेला. शिवाय हातगिअरच्या त्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे हे सांगणारे मापकच नाही; पाय काढला आहे किंवा पूर्ण दाबला आहे, एवढेच सांगणारा एक खटका आहे. मधली सारी अवस्था पेटीला अज्ञात.

म्हणून जाणता माणूस प्रथम कंपन्यांच्या याद्या न वाचता गाडीची यादी करतो. पेट्रोलाची तोंडे किती, ठिणगीची कॉइल किती, पंप कोण चालविणार, पंखा कोण लावणार, दर्शकावरचा गतीचा काटा कोण हलविणार, मंद गतीची झडप कोण सांभाळणार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅमच्या दांडीला लागून असलेल्या संवेदकाचे स्पंद या नव्या पेटीला वाचता येतात की नाही. दट्ट्या कोठे आहे हे ज्या पेटीला कळत नाही ती पेटी कितीही गुणी असली तरी निरुपयोगी. काही कंपन्या याच मोटारीच्या जोडणीत थेट बसणारी पेटी बनवितात. तीत तारा कापण्याचा प्रसंग येत नाही, आणि जुन्या गाडीतील तीस वर्षांची ठिसूळ वायरिंग ज्याने एकदा हाताळली असेल त्याला त्या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको.

पेट्रोलाची तोंडे मोठी घेतली की आणखी एक गोष्ट पुढे येते. विजेचा प्रवाह दिल्यापासून तोंड प्रत्यक्ष उघडेपर्यंत सुमारे एक सहस्रांश सेकंद वाया जातो, आणि बॅटरी जितकी मलूल तितका हा अवधी लांबतो. पूर्ण वेगात याचे काही वाटत नाही. पण गाडी सिग्नलला उभी असताना मोठ्या तोंडांना मुळी दोनएक सहस्रांश सेकंदच उघडावयाचे असते. त्यांतला निम्मा वेळ वायाच. अशा वेळी दिवे लावले, पंखा सुरू झाला, बॅटरीचा दाब किंचित उतरला, की इंजिन आचके देऊ लागते. ज्या पेटीत या विलंबाचे बॅटरीच्या दाबानुसार कोष्टक भरता येते आणि ज्या तोंडांचे आकडे त्यांच्या निर्मात्याने प्रसिद्ध केले आहेत, तीच जोडी घ्यावी. थंड सकाळी एका किल्लीत गाडी सुरू होणे हे तर अश्वशक्ती वाढविण्यापेक्षा अवघड काम आहे. दिवसातून एकदाच त्याचा प्रयोग करता येतो. चुकला की पुन्हा इंजिन थंड होईपर्यंत वाट पाहावयाची.

येथे त्या माणसाचा विषय येतो, ज्याला या व्यवहारात ट्यूनर म्हणतात. सोळा आडव्या आणि सोळा उभ्या घरांचे कोष्टक म्हणजे २५६ घरे, आणि ती केवळ पेट्रोलाची. ठिणगीची तितकीच निराळी. गाडी रोलरवर उभी करून, धुराच्या नळीत वाइडबँड सेन्सर बसवून, कानाला नॉकिंग ऐकण्याचे यंत्र लावून तो एकेक घर भरीत जातो. पूर्ण दाबाखाली मिश्रणात पेट्रोल मुद्दाम जास्त ठेवतो, सुमारे बारास एक या प्रमाणाच्या आसपास. ठिणगी आधी मागे ठेवून मग अंशाअंशाने पुढे आणतो, आणि शक्ती वाढणे थांबले की तेथेच हात आवरतो. पूर्वीच्या मेस्त्रीचे कान येथे पुन्हा उपयोगी पडतात, फक्त त्यांना आता श्रवणयंत्र लागले आहे. हा माणूस ज्या पेटीवर रोज काम करतो ती पेटी मालकाने घ्यावी, यापरता शहाणपणा या निवडीत दुसरा नाही. घरी टपालाने उत्तम पेटी आली आणि शंभर मैलांच्या परिसरात ती जाणणारा कोणी नसला, तर ती पेटी शोभेचीच. पैशाची वाटणीही याच दृष्टीने करावी. सारी शिल्लक पेटीवर उडवून कोष्टके भरण्याच्या दिवशी खिसा रिकामा, अशी अवस्था फार जणांची होते. मग कोणा स्नेह्याने पाठविलेली दुसऱ्या गाडीची कोष्टके भरून गाडी रस्त्यावर काढली जाते, आणि ते मघाचे काही सेकंद वाट पाहत असतात. आणखी एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा : काम झाल्यावर कोष्टके कुलूपबंद राहतील की मालकाच्या हाती येतील? काही ट्यूनर आपल्या कष्टाचे फळ म्हणून ती बंद ठेवतात. त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. पण पैसे देऊन घेतलेल्या आपल्याच गाडीचे दप्तर आपल्याला पाहता न येणे हेही काही न्यायाचे नव्हे.

पेट्रोल बदलले की हा हिशेबही बदलतो. भारतात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागले. त्याला लागणाऱ्या हवेचे प्रमाण १४.७ वरून सुमारे साडेतेरावर येते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागते. शुद्ध पेट्रोलावर भरलेली कोष्टके तशीच ठेवली तर मिश्रण विरळ होते. इथेनॉलाचे प्रमाण मोजणारा संवेदक जिला जोडता येतो अशी पेटी म्हणून येथल्या हौशी माणसाला अधिक उपयोगी.

अर्थात येथल्या हौशी माणसाने त्याआधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. कॅलिफोर्नियातही रस्त्यावरच्या मोटारीत असा भाग बसवावयाचा तर तेथील हवा-मंडळाची मान्यता लागते. धुरासाठी आलेला कारभारी धुराचा हिशेब चुकवून बदलता येऊ नये, हा या नियमांमागचा विचार समजण्याजोगा आहे. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या बंद धावपट्टीवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिला खेळाचे नियम लागू. जो रोज कचेरीत जाण्याच्या गाडीत टर्बो बसवू पाहतो, त्याने मात्र नोंदणी प्रमाणपत्र पुढ्यात ठेवूनच खरेदीची यादी करावी.

पेटी आली, वायरिंग झाले, पंप चालू लागला, इंजिन सुरू झाले, तरी चांगला ट्यूनर लगेच रोलर फिरवीत नाही. संगणकावर तो ठिणगी दहा अंशांवर जखडून ठेवतो आणि इंजिनाच्या पुढच्या पुलीवर लुकलुकणाऱ्या दिव्याचा झोत टाकतो. त्या झोतात फिरती पुली जणू स्थिर उभी राहते आणि तिच्यावरची खूण शेजारच्या पट्टीवर किती अंशांवर आहे ते दिसते. पडद्यावर दहा आणि पट्टीवर पंधरा दिसले, तर पुढची २५६ घरे कितीही काळजीने भरली तरी त्यांतील प्रत्येक आकडा पाच अंशांनी खोटा ठरतो. दोन्ही जुळेपर्यंत तो वाकून पुन्हा पुन्हा पाहत राहतो. मालक शेजारी उभा राहून घड्याळाकडे पाहतो, कारण रोलरचे भाडे तासावर असते.